शुक्रवारची शाकारणी

परवा सुमन आमच्या ओट्यावर माझ्या बायकोबरोबर वाटाणे सोलत बसली होती. सुमन म्हणजे शेजारच्या भोये गुरुजींची मुलगी. सरकारी दवाखान्यात नर्स आहे. गुरुजींना जाऊन दोन पावसाळे झाले. बोलता बोलता ती म्हणाली, "बाबांचं सगळं चांगलं होतं काकू, एक हट्ट सोडून. त्या अपडेटच्या हट्टापायी ठकीआत्याचा आवाज गेला. स्वतःच्या हाताने घालवला त्यांनी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काका सांगत होते तेव्हा ऐकलं नाही."

मी खुर्चीवर पेपर वाचत होतो. पेपर तोंडापुढून खाली केला नाही.

मी चौथी पास माणूस. सातपूरच्या कारखान्यात बत्तीस वर्षं लोखंड कातायच्या लेथवर उभा राहिलो. मी दुरुस्त केलेल्या मशीनला दुसऱ्याने हात लावला तर मला चालत नसे, साहेबाने लावला तरी. लिहायची मला सवय नाही. हे एका बैठकीत होणार नाही, आठ दिवस लागले तर लागू देत. भोये गुरुजी कसे होते हे कुणीतरी नीट सांगायला पाहिजे. सांगायला माझ्याइतका नालायक माणूस दुसरा नाही, तरी मीच सांगतो, कारण बाकीच्यांना ठाऊक नाही.

गुरुजी सुरगाण्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरचे. सगळी नोकरी आश्रमशाळांत काढली. बायको आधीच गेलेली. निवृत्त झाल्यावर सुमनकडे राहायला म्हणून नाशकात आले आणि आमच्या भिंतीला भिंत लागली. अंगाने बारीक, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. पूर्वी तंबाखू खायचे. ती सोडली, पण चंची काही सोडली नाही. तंबाखूच्या खणात पेनड्राइव्ह, चुन्याच्या डबीच्या जागी छोटा स्क्रू-ड्रायव्हर. बसमध्ये शेजारच्याने तंबाखू मागितली की चंची उघडून दाखवायचे आणि म्हणायचे, "माफ करा, हे चघळता येत नाही."

सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचे. भाजीवालीला, पोरासोरांना, आमच्या मांजराला. "तुम्ही आत्ताच दूध पिऊन आलात ना?" असं मांजराला विचारायचे आणि उत्तराची वाट बघायचे. कॉम्प्युटरलाही तसंच. मशीन खराब झालं असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. "आज थकलेत," म्हणायचे.

आमची पहिली भेट भांडणातच झाली. भिंतीपलीकडून दिवसभर घरघर ऐकू यायची. तिसऱ्या दिवशी मी गेलो.

"गुरुजी, घरात पिठाची गिरणी टाकली का काय?"

"नाही. कॉम्प्युटर आहे. त्यांना दम लागतो."

"दम लागतो तर मोकळं करा की त्याला. स्क्रू-ड्रायव्हर हाय का?"

मी डबा खोलला. आतल्या पंख्यावर उंदराएवढा धुरळा बसला होता. ब्रशने काढला, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला, घरघर बंद. गुरुजी पंख्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मिस्तरी, तुम्हाला दुपारी काही काम असतं का?"

काम कुठलं असणार. कारखान्याने घरी पाठवलं त्याला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती, आणि घरातला एकही नळ मी खोलायचा ठेवला नव्हता. बायको वैतागली होती.

तेव्हापासून आमचं ते काम सुरू झालं. ऑफिसं जुने कॉम्प्युटर टाकून देतात. गुरुजी ते मागून आणायचे, आम्ही ते चालू करायचो, आणि मग जीपमध्ये मांडीवर घेऊन डोंगरातल्या शाळांना पोचवायचो. खोलायचं, पुसायचं, पंखे-वायरी बदलायच्या ते माझं. आत जे घालायचं ते त्यांचं. आत ते लिनक्स घालायचे. लिनक्स म्हणजे काय, मी विचारलं. म्हणाले, "पाड्यावरच्या विहिरीसारखं आहे. एकट्याच्या मालकीचं नाही. ज्याला जमतं तो उतरून गाळ काढतो, पाणी सगळे भरतात."

त्यांचं स्वतःचं मशीन त्यांनी अकरा वर्षं चालवलं. त्यात एकदाच लिनक्स घातलं होतं आणि तेच पुढे पुढे नेत आणलं होतं. दर शुक्रवारी सकाळी नागलीची भाकरी आणि ठेचा खाऊन, हात धुऊन कोरडे करून ते समोर बसायचे. एक काळी खिडकी उघडायचे, त्यात एक ओळ टाइप करायचे, की पांढऱ्या ओळी सरसर वर जायला लागायच्या. याला अपडेट म्हणतात. गुरुजी शाकारणी म्हणायचे. त्यांच्याकडे पावसाच्या आधी घर शाकारतात, कुजलेलं गवत तेवढं काढून नवीन घालतात. भिंती त्याच, चूल तीच.

"घर शाकारायचं असतं मिस्तरी, पाडायचं नसतं."

ओळी वर जाताना ते मोठ्याने वाचायचे. "हे छपाईवाले आले. हे आवाजवाले. हे कोण? यांना मी ओळखलं नाही." ओळखीचं नाव नसलं की थांबायचे, हे काय काम करतं ते शोधून काढायचे, मगच होय म्हणायचे. "आपल्या घरात कोण शिरतंय ते बघायला नको?" अर्ध्या तासाचं काम, दुपार व्हायची.

मला हे पटत नसे. लेथ कुरकुरायला लागला की मी ठिगळं लावत बसलो नाही कधी. सगळा खोलायचा, रॉकेलने धुवायचा, घासून पुसून परत बांधायचा. एकदा एका अपडेटनंतर गुरुजींच्या मशीनचा आवाज गेला. तीन दिवस ते शोधत होते. मी म्हणालो, "गुरुजी, तासाभराचं काम हाय. सगळं पुसा, नवीन घाला."

"मिस्तरी, तुमचा गुडघा दुखतो. म्हणून काकूंनी काय नवीन मिस्तरी घालायचा?"

आतून आमची म्हणाली, "घालते की. हा तरी कुठं कामाचा हाय."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी चौकात पानपट्टीवर उभा होतो. गुरुजी एवढ्या उन्हात रस्ता ओलांडून मला सांगायला आले. "सापडलं. आवाज मीच बंद करून ठेवला होता. एक बटण." आणि खोकला येईपर्यंत हसले. पानपट्टीवरच्या चार लोकांनाही सांगितलं. आपली चूक अशी गावभर सांगत फिरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला ते बरं वाटलं नव्हतं तेव्हा. मी असतो तर मेलो असतो पण सांगितलं नसतं.

शाळेच्या मशीनचा नियम मात्र वेगळा होता. ती दुसऱ्यांची असायची, म्हणून ती पूर्ण पुसून नवीनच करायची. पण पुसण्याआधी गुरुजी एकेक मशीन घेऊन तास तास बसायचे. आत कुणाचं काही राहिलंय का बघायचे. ऑफिसची कागदपत्रं असली तर सोडून द्यायचे. एकदा एका डब्यात फोटो निघाले. एक लहान मुलगी, पाऊल टाकते, पडते, परत टाकते. मागे मिलिटरीची घरं, पाण्याची टाकी आणि एक गुलमोहर. नाव नाही, गाव नाही.

"ही देवळाली कॅम्पची टाकी आहे," गुरुजी म्हणाले.

"असू द्या. पुसा."

"असं कसं? यांचं पहिलं पाऊल आहे."

तीन वेळा आम्ही बसने कॅम्पला गेलो. पहिल्या दोन वेळा गेटवरच्या जवानाने हाकललं. तिसऱ्या वेळी बाजारात एका शिंप्याने फोटो ओळखला, बदली होऊन गेलेलं कुटुंब होतं, पण त्याच आठवड्यात त्या मुलीची आई सामान न्यायला परत आली होती. तिने फोटो पाहिले आणि पदर तोंडात धरून रडली. आम्हाला राजमा-भात वाढला. गुरुजी दोनदा घेऊन जेवले. मी येताना बसमध्ये म्हणालो, तीन दिवस गेले आपले. गुरुजी म्हणाले, "हो, गेले ना," आणि खिडकीतून बाहेर बघत गुणगुणायला लागले.

आता पुठ्ठ्याचं सांगतो.

मशीन जास्त यायला लागली तेव्हा नवीन लिनक्स घालायचं कामही मी शिकावं असं त्यांनी ठरवलं. पडद्यावर येतं ते इंग्रजी. गुरुजी म्हणाले, दोन महिन्यांत वाचायला शिकवतो, मोठी गोष्ट नाही. मी म्हणालो, "सत्तरीला पाटी धरू का? मला मोजता येतं. कुठलं बटण किती वेळा दाबायचं तेवढं सांगा."

त्यांनी दोनदा-तीनदा मनवून पाहिलं. मग एका पुठ्ठ्यावर मराठीत लिहून दिलं. खाली दोनदा, एंटर. थांबा. टॅब तीनदा, एंटर. नाव विचारेल तिथे 'शाळा', त्याची इंग्रजी अक्षरं चित्रासारखी काढून दिली. मी तो पुठ्ठा खिळ्याला टांगला आणि पन्नासच्या वर मशीन त्यावर केली. एकही चुकलं नाही. पन्नासातली कितीतरी मशीन अजून चालू असतील. पुठ्ठ्यावर सगळं होतं. पडदा काय म्हणतोय तेवढं नव्हतं.

गुरुजींच्या स्वतःच्या मशीनमध्ये काय होतं ते सांगायचं राहिलं.

लहानपणी ते आश्रमशाळेत गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्गात घरचा एक शब्द वापरला. मास्तरांनी छडी मारली आणि पोरं हसली. "छडीचं काही नाही," गुरुजी म्हणायचे, "हसले ती आमच्याच पाड्यावरची पोरं होती." पुढे ते मास्तर झाले, पण तीस वर्षं स्वतःही वर्गात ती बोली बोलले नाहीत. मग कधीतरी सुट्टीत घरी गेले असता आत्याने काहीतरी विचारलं आणि त्यांना तो शब्द कळला नाही. तिथून सुरुवात झाली. म्हाताऱ्या माणसांपुढे बसायचं, आवाज भरून घ्यायचा, एकेक शब्द टाइप करून ठेवायचा, त्याचा अर्थ, कुणी सांगितला, कुठे बसून सांगितला. शेतात राब भाजण्याचे शब्द, भाताच्या आवणीचे, पावसात पांघरायचं इरलं विणण्याचे. लग्नातली गाणी. शिव्यासुद्धा. शिव्यांची वेगळी फाइल होती आणि तिला ते कुलूप लावायचे, सुमन बघेल म्हणून.

शाळेत मशीन लावून झालं की पहिल्या पोरीला खुर्चीत बसवून ते विचारायचे, "तुना नाव काय आहा?" पोर दचकायची. गुरुजी आणि आपली बोली? मुख्याध्यापक घसा खाकरायचे. पोर हळूच नाव सांगायची आणि गुरुजी तिला ते टाइप करायला लावायचे. मी मागे वायरी गुंडाळत असायचो, माझं लक्ष नसायचं. लक्ष द्यायला हवं होतं.

सगळ्यात जास्त आवाज ठकीआत्याचा होता. नव्वदीच्या पुढची बाई, गुरुजींना आईच्या मागे तिनेच वाढवलेलं. एका थंडीत ती महिनाभर नाशकात येऊन राहिली. दिवसभर ओट्यावर उन्हात बसायची आणि गुरुजी तिच्यापुढे फोन धरून. मला तिचं निम्मंच कळायचं. माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणायची आणि दोघं हसायचे. मी विचारलं तर गुरुजी म्हणायचे, "तुमचं कौतुक करते आहे." चेहऱ्यावरून तरी तसं वाटत नसे. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

फोन भरला की ते सगळं मशीनमध्ये टाकायचे आणि फोन मोकळा करायचे. मशीनमधलं आणखी एका वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवायचे. त्या साली एका शाळेला द्यायच्या मशीनची डिस्क ऐन वेळी गेली. गुरुजींनी आपली ती जास्तीची डिस्क काढून दिली. "पुढच्या महिन्यात दुसरी आणू," म्हणाले. शाळेच्या डब्यात ती मीच बसवली आणि पुठ्ठ्याप्रमाणे नवीन करून दिली.

त्यानंतर तिसऱ्या शुक्रवारी गुरुजी अपडेट लावून बसले होते आणि खुर्चीतच कलले. सुमन ड्युटीवर. मी आणि आमच्या हिने रिक्षात घातलं. घामाने भिजले होते, तरी म्हणाले, "मिस्तरी, मशीन बंद करू नका, चालू आहे." हृदयाचं निघालं. आठ दिवस ठेवून घेतलं.

मी मशीन बंद केलं नाही. दुपारी लाईट गेली. लाईट आल्यावर मी जाऊन बटण दाबलं तर काळा पडदा, वर दोन ओळी इंग्रजी, आणि पुढे काही नाही. परत दाबलं. तेच. दवाखान्यात गुरुजी रोज विचारायचे, "ते बरे आहेत ना?" मी म्हणायचो, "एकदम बरे." एकदा बोलून गेलो, आता ते खरं करायला पाहिजे होतं.

सुमनला फोन करून सांगता आलं असतं. गुरुजींना सांगितलं असतं तर ते झोपल्या जागी हसून म्हणाले असते, राहू द्या, मी आल्यावर बघतो. मला ते नको होतं. मला त्यांनी घरी येऊन बटण दाबावं आणि मशीन चालू व्हावं, मग मी सांगावं, बघा, तुमचे दोन दिवस गेले असते, मी चाळीस मिनिटांत केलं, असं हवं होतं.

लेथ खोलून धुतला म्हणून त्यावर आजवर कातलेले लोखंडी जॉब काही नाहीसे होत नाहीत. मी तसंच धरून चाललो होतो. शाळेच्या मशीनमधलं लोकांचं सामान गुरुजी आधी बसून वेगळं पुसतात आणि मग मी नुसतं वरचं नवीन घालतो, असं माझ्या डोक्यात होतं. इतकी वर्षं शेजारी बसून मी हे एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर येत नाही असं दिसलं असतं.

पुठ्ठा काढला. खाली दोनदा, एंटर. मधे पडद्यावर लाल अक्षरं आली. ती दरवेळी यायची. टॅब तीनदा, एंटर. नाव विचारलं तिथे हाताने आपोआप नेहमीचं काढलं.

चाळीस मिनिटं पण लागली नाहीत.

गुरुजी घरी आले त्या दिवशी सुमनने त्यांना दाराशी ओवाळलं आणि औषधं आणायला गेली. ते भिंतीला धरत धरत मशीनपाशी गेले. मी मागे उभा होतो. मी आधीच सांगून टाकलं, "गुरुजी, मधे लाईट गेली होती. मशीन आपोआप नवीन झालंय."

त्यांनी बटण दाबलं. पडदा लखलखीत आला. मधोमध नाव होतं, शाळा.

गुरुजींनी ते वाचलं. मग काळी खिडकी उघडली, दोन-तीन ओळी टाइप केल्या, आणि हात मांडीवर ठेवले.

"आपोआप?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं."

सुमन आली. बापाचा चेहरा बघून तिने विचारलं, काय झालं. गुरुजी म्हणाले, "अपडेट चालू ठेवून गेलो ना मी. मधेच लाईट गेली. सगळं गेलं, बाई. माझं चुकलं."

ती बापावर कधी ओरडत नसे. त्या दिवशी ओरडली. आठ दिवसांची जागरणं होती तिची. "किती वेळा सांगितलं तुम्हाला. काका म्हणत होते ना, एकदा सगळं नवीन करून घ्या. ऐकायचं नाही कुणाचं. आत्या गेली, आता तिचा आवाजपण घालवला." आणि आत जाऊन रडली. गुरुजी खाली मान घालून ऐकत होते, शाळेतल्या पोरासारखे. मी तिथेच उभा होतो. माझे पाय तिथे होते, जीभ होती. मी म्हणालो, "येतो मग मी," आणि घरी आलो.

नंतर अकरा दिवस गुरुजी पुसलेल्यातून काही परत मिळतं का शोधत बसले. असा एक प्रोग्राम असतो, राखेतून दाणे वेचल्यासारखं करतो. नावं गेलेली, तुकडे निघायचे. मी रोज जायचो. न जाऊन कसं चालेल. ते कानाला हेडफोन लावून ऐकायचे आणि काहीतरी निघालं की एक बाजू माझ्या कानाला लावायचे. कोंबडा. भांडं घासल्याचा आवाज. आत्याचा खोकला. एकदा तिचं हसू निघालं, चार सेकंद, ते त्यांनी किती वेळा ऐकलं ते मी मोजलं नाही.

शेवटी एक मोठा तुकडा निघाला. मिनिटभराचा, स्वच्छ. त्यात मी होतो. आत्या काहीतरी सांगत असावी, तिच्यावर माझा आवाज, "गुरुजी, ते जुनं किती दिवस ठिगळं लावत बसणार, मी सांगतो ऐका," आणि पुढे सगळं माझंच, लेथ कसा खोलतात ते. आत्या गप्प झालेली.

गुरुजी ऐकून हसले. मनापासून हसले. "मिस्तरी, तुम्ही वाचलात बघा," म्हणाले.

मी घरी येऊन न्हाणीत बसलो. बायकोने विचारलं, पोट बिघडलं का. हो म्हणालो.

त्यानंतर गुरुजी वहीत आठवतील तेवढे शब्द लिहायला लागले. औषधांनी त्यांना विसरायला व्हायचं. मला विचारायचे, "मी तुम्हाला काय काय सांगितलं होतं?" मला सात शब्द आठवले. इतक्या वर्षांत, जीपमध्ये, बसमध्ये, ओट्यावर तो माणूस मला सांगत होता, आणि सात. तेही त्यांनी वहीत माझं नाव घालून लिहिले. सांगणारे, रंगनाथ मिस्तरी, सातपूर. जणू मी कुणी जाणता होतो.

मग म्हणाले, पाड्यावर जातो. अजून चार-पाच म्हातारी माणसं आहेत. डॉक्टर नको म्हणाले, घाटाचा रस्ता, तिकडे दवाखाना लांब. सुमनने दोन दिवस जेवण सोडलं. गुरुजी तिला म्हणाले, "मी घालवलं, मीच आणायला नको का?" त्यावर ती गप्प बसली. मी पण.

सुमनला ड्युटी होती, म्हणून स्टँडवर मी सोडायला गेलो. सकाळचे नऊ वाजले असतील. सुरगाण्याची बस लागली होती. त्यांना खिडकी मिळाली. मी खाली, गज धरून उभा. पाण्याची बाटली घेतली का विचारलं. गोळ्या विचारल्या. दोन्ही होत्या.

ते म्हणाले, "मिस्तरी, आत्याने तुम्हाला एक नाव ठेवलं होतं. खळ्यावर भात वाळत घालतात ना, त्यावरच्या कोंबड्या हाकलायला एक म्हातारं माणूस बसवतात. हातात काठी, दिवसभर ओरडायचं, कोंबड्या ऐकत नाहीत. त्याला आमच्याकडे एक शब्द आहे. तुम्ही ओट्यावर बसलात की ती तेच म्हणायची. मला आठवत नाही. मी तुम्हाला सांगितला होता का?"

सांगितला होता. मी चिडलो होतो ते आठवत होतं. शब्द आठवेना. डोळे मिटून पाहिलं. "नाही आठवत," म्हणालो.

"असू द्या. तिकडे कुणाला तरी येत असेल."

ड्रायव्हर चढला. मी म्हणालो, "गुरुजी, ते मशीन..." आणि पुढे माझ्याच्याने होईना. सत्तरी ओलांडलेला माणूस मी, स्टँडवर सगळ्यांदेखत तोंड वाकडं झालं.

त्यांनी गजावरच्या माझ्या हातावर हात ठेवला. "सुमन आता एकटी असणार इथे. रात्री-अपरात्री ड्युटीवरून येते. तिचा तुमच्या घरावर भरवसा आहे. तो राहू द्या. तिला काही सांगू नका."

"तुमच्यावर रागावली ना पण ती."

"बापावर रागावतात मुली. त्याला काय होतं. शेजाऱ्यावर रागावली तर दार कुणाचं वाजवेल?"

दोन वर्षं मी ते पाळलं. मोठं सोपं गेलं मला, माझ्या सोयीचंच होतं ते. पण सुमन बाई, तुझा बाप हट्टी नव्हता. त्याच्या शाकारणीने काही गेलं नाही, सगळं मी नवीन घालताना पुसून घालवलं, आणि त्याला ते पहिल्या मिनिटाला कळलं होतं. आता तू आमचं दार वाजवायचं की नाही ते तू ठरव. माझ्या बायकोचा ह्याच्याशी संबंध नाही, तिला हे माहीत नाही.

गुरुजी पाड्यावर तीन महिने राहिले. आवणी चालू असताना गेले. काय मिळालं, किती मिळालं, वही कुठे आहे, मला माहीत नाही. विचारायला जायचा धीर झाला नाही.

बस सुटली तेव्हा मी फलाटावरून दोन पावलं तिच्याबरोबर चाललो. त्यांच्या शेजारी टोपली घेतलेली एक म्हातारी येऊन बसली होती. गुरुजी तिच्याकडे वळून काहीतरी विचारत होते. बाई आधी लाजली, मग तोंडावर पदर धरून हसली आणि बोलायला लागली. गुरुजींनी घाईघाईने खिशातून पेन काढलं. मी हात वर केला होता. त्यांचं लक्ष नव्हतं.